एका बाजूचा गंज

‘गंज फार सुरेख रंगवलायस. अगदी खरा वाटतो.’

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर, मी जोडलेल्या प्लास्टिकच्या जहाजाच्या फोटोखाली, मामांनी हे टाकलं. माझ्या जहाजाला गंज नाही. कुठेही नाही. करड्या रंगाचे पाच पातळ हात मी देत बसले ते जहाज कोरं करकरीत दिसावं म्हणून, आज सकाळीच गोदीतून बाहेर पडल्यासारखं. आणि मामांनी हे लिहिलं कुठून, तर आमच्याच बाहेरच्या खोलीतून, खुर्चीत पाय पसरून. उठून दहा पावलं टाकली असती तर प्रत्यक्ष जहाज बघायला मिळालं असतं. त्यांच्या खालोखाल सात अंगठे वर झाले. मावशीने लिहिलं, ‘हो ना, मला तर आधी गंजच दिसला.’

यावर मी काय लिहावं? मी लिहिलं, ‘थँक यू मामा.’ ते मला अजून सलतंय.

मला प्लास्टिकची जहाजं जोडायचा नाद आहे. प्रमाण एकास ३५०, म्हणजे १५० मीटरची युद्धनौका टेबलावर ४३ सेंटीमीटरची होते. जोडण्यात चार महिने गेले त्याचं काही वाटत नाही, फोटोपायी दोन रविवार गेले त्याचं वाटतं. युद्धनौकेला करडा रंग देतात तो धूसर क्षितिजावर ती शत्रूच्या चटकन नजरेत येऊ नये म्हणून. ती नजरेत यावी म्हणून जिवाचा आटापिटा करणारी बहुधा मी एकटीच. त्यात करडा हा अत्यंत चहाडखोर रंग. लाल फुलावर जराशी पिवळी झाक आली तर खपून जाते. करड्याला स्वतःचं काही नसतंच, त्यामुळे खोलीतल्या दिव्याचं, पडद्याचं, भिंतीचं जे काही असेल ते तो जसंच्या तसं सांगून मोकळा होतो.

पहिल्या रविवारी मी जहाजाखाली निळं कापड अंथरलं. समुद्र. कॅमेरा ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे उजेडाची झाक काढून पांढऱ्याला पांढरं दाखवायचं काम त्याच्यावरच सोपवलेलं. हे ऑटो प्रकरण ढोबळमानाने असं चालतं, की समोरच्या सगळ्या रंगांची सरासरी काढली तर ती करडी यावी, अशी कॅमेऱ्याची भाबडी समजूत असते. हल्लीचे कॅमेरे याहून हुशार आहेत म्हणतात. माझा नाही. त्याने माझा समुद्र पाहिला, ‘अरेरे, इथला उजेडच निळा दिसतोय’ म्हणून हळहळला आणि माझ्यावर उपकार म्हणून सगळ्या फोटोत पिवळा ओतला. समुद्र मळका झाला, जहाजाला कावीळ झाली. कॅमेरा बोटभर सरकवून पुन्हा काढला तर कापड थोडं कमी आलं आणि कावीळही थोडी उतरली. एकाच जहाजाचे बारा फोटो, बारा तब्येती.

दुसऱ्या रविवारी मी शहाणपणा केला. कापड काढलं, जहाज खिडकीजवळ घेतलं, डावीकडून खिडकीचा उजेड. उजवी बाजू काळोखी वाटली म्हणून तिकडे टेबल लॅम्प. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवला. डोळ्यांना सगळं झकास दिसत होतं. डोळ्यांचं हेच तर आहे. ते अशा भानगडी परस्पर मिटवतात आणि आपल्याला पत्ता लागू देत नाहीत. पिवळ्या दिव्याखाली कागद पांढरा, ढगाळ आभाळाखालीही तोच कागद पांढरा, सगळं कसं सलोख्याने. कॅमेरा बिचारा तोंडावर बोलतो.

त्या रविवारचा फोटो मी ग्रुपवर टाकला. गंजाचा.

थोड्या वेळाने मामा स्वतःच आत आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते आमच्याकडेच विश्रांतीला आहेत. उजवा डोळा झालाय, डावा व्हायचाय. जहाजाकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मोबाइल माझ्यापुढे धरला.

“एक विचारायचं राहिलं. गंज एकाच बाजूला का लावलास?”

“मामा, मी गंज—”

“नाही, असेल काहीतरी कारण. वारा त्याच बाजूने येतो का?”

आता मी माझ्या मोबाइलवर तोच फोटो नीट पाहिला. आणि माझ्या पोटात खड्डा पडला. डावी बाजू छान करडी. उजवी बाजू, जिथे लॅम्प होता, ती नाकापासून शेपटापर्यंत तांबूस. जहाजाला शेपूट नसतं हे मला ठाऊक आहे, पण त्या क्षणी नाळ वगैरे जहाजी शब्द सुचत नव्हते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. खिडकीचा उजेड साधारण साडेपाच ते साडेसहा हजार केल्विन, माझा लॅम्प २७००. कॅमेऱ्याला सांगितलं होतं की उजेड दिवसाचा आहे. डावीकडे ते खरं होतं. उजवीकडे खोटं, आणि खोट्याचा रंग नारिंगी. ‘रॉमध्ये काढायचा होतास, मग नंतर दुरुस्त करता आला असता,’ असं म्हणणारे भेटतील. भेटलेही. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली कच्ची फाइल, पण तिच्यातही व्हाइट बॅलन्सचा मूळ आकडा अख्ख्या फोटोला एकच लागतो. उजवी बाजू करडी करायला गेलं की डावी निळी पडते. जहाज अर्धं गंजलेलं किंवा अर्धं गोठलेलं, यातलं एक निवडायचं.

म्हणजे मामांना गंज दिसला होता. गंज होता. हे मला मामांसमोर कबूल करायचं नव्हतं.

या केल्विनवर माझा जुना राग आहे. माणसावर नाही. लॉर्ड केल्विन यांनी १८४८ मध्ये तापमानाची मोजपट्टी सुचवली, १९०७ मध्ये ते वारले, त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. राग आहे तो नंतरच्या उलट्या कारभारावर. लोखंड तापवत नेलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, आणि न वितळता आणखी तापलं असतं तर निळसर झालं असतं. म्हणजे निळा उजेड जास्त तापलेला. असं असून बल्बच्या खोक्यावर ६५०० ला ‘कूल’ लिहितात आणि २७०० ला ‘वॉर्म’. बरं, एवढं पाठ केलं. आता कॅमेऱ्यात आकडा वाढवावा तर फोटो निळा व्हायला हवा ना? तो पिवळा होतो. कारण तो आकडा म्हणजे ‘उजेड इतका निळा आहे, तू त्याची भरपाई कर’ असा कॅमेऱ्याला दिलेला निरोप असतो. उलट्याचं उलट. मी हे किमान सहा वेळा समजून घेतलंय आणि सातव्यांदा चक्र चुकीकडेच फिरवते.

“तुला एक गंमत सांगू?” मामा म्हणाले. त्यांनी डावा डोळा झाकला आणि भिंतीकडे पाहिलं. “निळसर पांढरी.” मग उजवा झाकला. “आता साय आल्यासारखी पिवळी.” पुन्हा डावा. “निळसर.” पुन्हा उजवा. “साय.”

“आणि दोन्ही उघडे ठेवले तर?”

“मग भिंत.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. दोन रविवार मी ज्याच्याशी झगडत होते ते सगळं हा माणूस चेहऱ्यावर घेऊन घरभर हिंडत होता. मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग पिवळट पडत जातं आणि निळा रंग अडवतं. ते काढून नवं स्वच्छ भिंग बसवलं की अडलेला निळा एकदम आत येतो. क्लोद मोने या चित्रकाराच्या एका डोळ्याचं असं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं आणि त्यानंतर सगळं फार निळं दिसतं, अशी त्यांची तक्रार सुरू झाली. मामांना बरं वाटावं म्हणून मी हे सांगितलं.

“मग काय केलं त्यांनी?”

“रंगीत काचांचे चष्मे लावून पाहिले.”

“बघ,” मामा म्हणाले. काय बघ ते सांगितलं नाही. “आणि तुझ्या कॅमेऱ्याला किती डोळे?”

“एकच.”

“एक असून ही अवस्था?”

मी वाद घातला नाही. खिडकी पडद्याने गच्च झाकली. दोन्ही बाजूंना एकसारखे दोन एलईडी लावले, एकाच खोक्यातले. पुढे बटर पेपर ताणून लावला, म्हणजे उजेड मऊ पडेल. दिवे सरकवताना मामा मदतीला होतेच. “जरा लांब ने, डोळ्यावर येतोय.” जरा म्हणजे दुप्पट लांब. दिवा दुप्पट लांब गेला की उजेड निम्मा होत नाही, एक चतुर्थांश उरतो. सगळी गणितं पुन्हा.

मग मी ग्रे कार्ड काढलं आणि मामांना जहाजाजवळ धरायला सांगितलं. ही चूक. पण स्टँडला चिमटा नव्हता.

“हे कशाला?”

“कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळायला.”

“हे करडं आहे.”

“हो.”

“पांढरं कळायला करडं दाखवायचं?”

“पडणाऱ्या उजेडापैकी १८ टक्के परत पाठवणारं असतं ते. आणि त्यात कुठलीच झाक नसते.”

“बाकीच्या ८२ टक्क्यांचं काय होतं?”

“मामा, हलवू नका.”

“प्रिंटरचा कोरा कागद का नाही दाखवत? तो तर पांढराशुभ्र असतो.”

आता हा प्रश्न बिनतोड होता, कारण गेल्या महिन्यात मी नेमकं तेच केलं होतं. शुभ्र दिसण्यासाठी त्या कागदात चमक आणणारं रसायन घातलेलं असतं. उजेडातले अतिनील किरण गिळून ते निळा उजेड बाहेर टाकतं. खिडकीच्या उजेडात कागद मुळातच निळसर होतो आणि त्याला पांढरा धरणारा कॅमेरा बाकीचं जग पिवळं करतो. हे मी मामांना समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे पांढरा कागद पांढरा नाही, पांढऱ्यासाठी करडा लागतो, आणि करड्या जहाजाला गंज आहे.”

“गंज नाहीये!”

“बरं.”

फोटो काढताना आणखी एक सुख. जहाज नाकापासून टोकापर्यंत स्पष्ट यायचं तर लेन्सचं भोक बारीक, म्हणजे एफ १६, उजेड टिपायची संवेदनशीलता कमी, म्हणजे आयएसओ १००, म्हणून शटर अर्धा सेकंद उघडं. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, श्वास रोखलेला. आणि प्रत्येक वेळी त्या अर्ध्या सेकंदात एक पाऊल पुढे आणि, “काढला?” जमीन हलते. टेबल हलतं. जहाज हलतं. “नाही मामा.” पुन्हा टायमर. “आता काढला?” काही वेळाने मामांचा शर्टही दिसायला लागला. शर्ट पोपटी होता आणि ते जहाजाला खेटून उभे होते. ग्रे कार्डाच्या एका कडेला हिरवट झाक कुठून येतेय ते मी पाऊण तास दिव्यात शोधत होते. पाऊण तास! “मामा, जरा मागे सरका.” “माझ्यामुळे काय झालं?” आता पाहुण्या माणसाला, त्यातून मोठ्या, त्यातून डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या, तुमचा शर्ट माझ्या जहाजावर सांडतोय हे कसं सांगायचं?

दिव्यांबद्दलही बोलूनच टाकते. खोक्यावर वॉट मोठ्या अक्षरात, लुमेन मोठ्या अक्षरात, ‘वर्षानुवर्षे टिकणारा’ सर्वांत मोठ्या अक्षरात. सीआरआय, म्हणजे हा उजेड रंग कितपत खरे दाखवतो तो आकडा, छापलाच असेल तर तळाशी, मुंगीच्या पायाएवढा. आणि तो आकडाही आठ फिक्या रंगांची सरासरी. गडद लाल हा नववा नमुना, त्या सरासरीत तो धरतच नाहीत. स्वस्त एलईडीचं पितळ नेमकं लालातच उघडं पडतं. आणि माझ्या जहाजाचा पाण्याखालचा भाग कुठल्या रंगाचा? लाल. फोटोत तो जुन्या विटेसारखा आला. घरात रोज वापरायच्या वस्तूचा असा एक साधा आकडा लपवून का ठेवायचा, हे मला खरंच कळत नाही. यात विनोद काही नाही. शेवटी ९५ सीआरआयचे दिवे एका मैत्रिणीकडून मागून आणले, दोन दिवसांसाठी.

संध्याकाळी फोटो आला. डावी बाजू करडी, उजवी बाजू करडी, खाली लाल लालच. मी तो मोठा करून इंच इंच तपासला. जहाज आज सकाळीच गोदीतून निघालं होतं. ग्रुपवर टाकला आणि मोबाइल पालथा घालून ठेवला. धीर कुठे धरवतोय? पुन्हा सुलटा केला.

मामा: ‘आता कसं! दोन्ही बाजूंना सारखा गंज. मी म्हटलंच होतं.’

मावशी: ‘दोन्ही बाजू छान.’ अंगठे, नऊ.

मी तडक बाहेरच्या खोलीत गेले. मामांचा मोबाइल हातात घेतला. स्क्रीन केशरी. डोळ्यांना त्रास नको म्हणून कुणीतरी रात्रीचा मोड लावून दिला होता, चोवीस तासांसाठी. माझ्या पहिल्या फोटोपासून ते सगळं जग याच सरबतातून बघत होते. मी तो बंद केला आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. “आता बघा.”

मामांनी डावा डोळा झाकला. पाहिलं. मग उजवा झाकला. पाहिलं. पुन्हा डावा. बराच वेळ.

“दुसरा डोळा होऊ दे,” ते म्हणाले. “तोवर मत राखून ठेवतो.”