डिझेल पंपाचं टायमिंग नुसत्या खुणेवर भागत नाही

ऊस वाहतूक तोंडावर आली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: "डिझेल पंप काढायला मेस्त्री कशाला? फ्लँजवर खूण करा, नट सोडा, पंप काढा. परत खुणेला खूण लावली की टायमिंग जमलं. काळा धूर आला तर पंप थोडा फिरवा. टायमिंग पुढं घ्या, ताकद वाढते, डिझेलही वाचतं."

टायमिंग म्हणजे पंप नोझलला डिझेल नेमकं कधी पाठवतो ती वेळ; पुढं म्हणजे लवकर, मागं म्हणजे उशिरा. खुणेचं म्हणणं अर्धं खरं. तोच पंप, न उघडता, परत बसवायचा असेल तर खूण कामाची. पण ती फक्त पंपाची बॉडी कुठं होती ते सांगते. आत डिझेल दाबणारा दट्ट्या, म्हणजे प्लंजर, कुठं आहे ते सांगत नाही. पंप उघडून दुरुस्त झाला किंवा बदलला की जुनी खूण कुचकामी. गिअर पंपाबरोबर बाहेर येत असेल तर धोका आणखी मोठा. समजा गिअरला ४० दाते आहेत. एक दाता चुकला की पंपाचे ९ अंश, आणि पंप क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगानं फिरतो म्हणून क्रँकवर थेट १८!

म्हणून पंप सोडण्याआधी एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे हवा दाबून अगदी वर पोचतो त्या जागी, आणा. फ्लायव्हीलची खूण दोन फेऱ्यांत दोनदा जुळते, त्यातली एक एक्झॉस्टची, म्हणजे धूर बाहेर टाकतानाची. त्यावर पंप बसवला तर स्टार्टर कितीही मारा, इंजिन लागणार नाही. १-३-४-२ फायरिंगच्या चार सिलिंडर इंजिनात टॅपेट कव्हर काढून बघा: चार नंबरचे दोन्ही रॉकर दाबलेले आणि एक नंबरचे दोन्ही सैल, म्हणजे जागा बरोबर.

इनलाइन पंपाचं (प्रत्येक सिलिंडरचा वेगळा प्लंजर एका ओळीत असलेल्या) टायमिंग थेंबावर बघतात. एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलमध्ये ठेवा, होल्डर परत लावून त्यावर वाकडी नळी बसवा, लिव्हर फुल करा. हँडपंप मारत इंजिन चालतं त्याच दिशेनं हळू फिरवा. धार बारीक होत थेंबावर येते, तिथंच थांबा. त्या वेळी फ्लायव्हीलवर कंपनीच्या प्लेटवर दिलेले अंशच दिसले पाहिजेत. पुढं गेलात तर पाव फेरी मागं घेऊन पुन्हा त्याच दिशेनं या, नाहीतर गिअरची ढिलाई फसवते. पाणी उपसायच्या सिंगल सिलिंडर इंजिनावर हेच काम डिझेल पंपाखालचे शिम, म्हणजे पातळ पत्रे, करतात: शिम वाढवला की टायमिंग मागं, काढला की पुढं.

काळ्या धुरासाठी आधी एअर फिल्टर आणि नोझल बघा. टायमिंग मागं असलं तरी काळा धूर येतो, पण ते शेवटी तपासायचं. पंप फिरवायचा झाला तर शाफ्टच्या उलट दिशेनं बॉडी फिरवली की टायमिंग पुढं जातं, हेही मेसेजात नाही.

आणि टायमिंग पुढं घेतल्यानं ताकद वाढते ती फक्त आधी ते मागं असेल तरच. त्यापलीकडं पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो, इंजिन ठोका देतं, हेड गॅस्केट आणि बेअरिंग जातात. वाचलेलं डिझेल तिथंच वसूल होतं.

सगळ्यात महत्त्वाचं मेसेजात नाहीच. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमध्ये फट असते दोन-तीन मायक्रॉनची, शेतातल्या धुळीच्या एका कणाला पुरेल इतकीही नाही. काढलेल्या प्रत्येक पाईपच्या तोंडाला लगेच टोपी लावा. पंप बसवल्यावर आधी ब्लीड स्क्रूवर एअर काढा, मग नोझलकडचे नट सैल करून स्टार्टर मारा, डिझेल आलं की आवळा. चालू इंजिनाच्या फवाऱ्यासमोर मात्र हात धरू नका, नोझलचा दाब डिझेल कातड्यातून आत घुसवतो. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखाना गाठा.