भिवंडी मी गाळली, कबूल; पण तिथली तार कोणाची?

'वैतागलेला ग्राहक' या नावाने लिहिलंत, म्हणून तुम्हाला ग्राहकरावच म्हणतो. राग मानू नका.

वीजवितरण सरकारी हातातच राहावं, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: भिवंडीचं उदाहरण मी सोयीस्करपणे गाळलं, एन्रॉनचं भूत अजून नाचवतो, मोबाइलमध्ये खासगी कंपन्या आल्यावर काय झालं ते मला दिसत नाही, आणि जानेवारी २०२३चा संप वीज कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या खुर्च्या वाचवायला केला होता, त्याला मी जनतेचा लढा म्हटलं. वर 'एसीत बसून समाजवाद' हा टोला. एसी आहे. बिल वेळेवर भरतो.

भिवंडीचं तुमचं बरोबर आहे, ती लेखात यायला हवी होती. यंत्रमागांचं गाव, तारांवर वीजचोरीचे आकडेच आकडे, आणि दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून जास्त विजेचे पैसेच येत नव्हते. २६ जानेवारी २००७ला टोरंट या खासगी कंपनीकडे काम गेलं. त्यांनी रोहित्रं बदलली, मीटर बदलले, चोऱ्या पकडल्या आणि काही वर्षांत गळती खूपच खाली आणली. वाढीव बिलांच्या तक्रारी घेऊन तिथे मोर्चेही निघाले. तरी जे काम झालं ते झालंच. सरकारी वीज मंडळाला इतकी वर्षं ते का जमलं नाही, याचं उत्तर माझ्याकडच्या मंडळींनी द्यायला हवं.

पण ग्राहकराव, भिवंडीत विकलं काय? काहीच नाही! टोरंट तिथे फ्रँचायझी आहे. महावितरणकडून ठोक वीज घ्यायची, वीज नियामक आयोगाने महावितरणला ठरवून दिलेल्या दरानेच विकायची. जुनं जाळं महावितरणचंच, परवानाही महावितरणचाच. म्हणजे तुम्ही खासगी मालकीचं म्हणून जे उदाहरण दिलंत, ते सरकारी मालकी आणि खासगी कंत्राट यांचं निघालं. कंत्राट म्हटलं की कंत्राटदार कोण, हे आलंच. हाच प्रयोग २०११ मध्ये नागपूर, औरंगाबाद आणि जळगावात झाला. औरंगाबादचा २०१४ मध्ये गुंडाळला, जळगावचा २०१५ मध्ये, नागपूरचा २०१९ मध्ये. तिन्ही शहरं महावितरणने परत घेतली. आता हे उलट विचारून बघा. जाळंही विकून टाकलं असतं, तर परत काय घेतलं असतं?

मोबाइलची तुलना नेहमी होते आणि मला ती नेहमीच खटकते. फोन कंपनी आपला टॉवर उभा करते. विजेची दुसरी तार तुमच्या गल्लीतून कोण ओढणार, आणि त्या खोदकामाचा खर्च कोणाच्या बिलात जाणार? मुंबईच्या उपनगरांत हे करून झालंय. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये टाटांना किरकोळ ग्राहकांना वीज विकायची वाट मोकळी केली, आणि पुढच्या वर्षापासून लोक तिथे आधीपासून वीज देणाऱ्या रिलायन्सकडून टाटांकडे जाऊ लागले. वीज टाटांची, तार रिलायन्सची. जास्त वीज वापरणारे आधी निघाले, कारण त्यांचाच फायदा मोठा होता. मागे राहिलेल्यांचा भार कोण उचलणार म्हणून अधिभार आले, खटले आले. शेवटी २०१२ मध्ये वीज नियामक आयोगाला टाटांना सांगावं लागलं, की सध्या ३०० युनिटपर्यंतचे घरगुती ग्राहकच घ्या. स्पर्धा लावून दिली आणि मग तिला गल्लीगल्लीत वाट दाखवत बसावं लागलं.

संपाचंही तेच. तो होता समांतर परवान्याविरुद्ध, म्हणजे महावितरणच्याच भागात वीज विकायच्या दुसऱ्या परवान्याविरुद्ध. अदानींच्या कंपनीने तो मागितला भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल या पट्ट्यासाठी. दुर्गम धडगावासाठी नाही, भामरागडसाठी नाही. कारखाने, मॉल आणि वेळेवर बिल भरणाऱ्या सोसायट्या जिथे आहेत, तिथल्या पैशावर खेड्यातल्या शेतीपंपाचा दर कमी राहतो. ही साय वेगळी काढली तर उरलेल्या दुधाचं काय, हा प्रश्न होता. कर्मचाऱ्यांना नोकरीची काळजी होती, हेही खरंच. असेना. फडणवीसांबरोबरच्या बैठकीनंतर संप पहिल्याच दिवशी मिटला, त्यामुळे 'लढा' हा शब्द जरा जास्तच झाला, तो मागे घेतो.

इथे तुम्ही मला याहून जोरात पकडू शकला असतात. शेतीपंपांच्या नावाखाली गळती लपवली जाते, हे वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षं सांगत आलेत. मीटर नसलेल्या पंपाचं बिल हॉर्सपॉवरवर निघतं. पंपाने किती वीज ओढली हा आकडा अंदाजाचा, आणि अंदाज फुगवला की चोरी 'शेतीचा वापर' होऊन बसते. वर शिव्या शेतकऱ्याला. सरकारी मालकीची बाजू घेणाऱ्यांनी यावर आवाज चढवला नाही, मीही नाही. मूळ लेखातली सगळ्यात मोठी चूक हीच आहे.

आता एन्रॉन. या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प खासगी होता, जोखीम मात्र वीज मंडळाची होती. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज उचला किंवा उचलू नका, स्थिर आकार द्यायचाच, तोही डॉलरच्या हिशेबाने. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि त्याच वर्षअखेरीस अमेरिकेत कंपनीच दिवाळखोरीत गेली. भूत म्हणा हवं तर. करारावर सह्या मात्र जिवंत माणसांनी केल्या होत्या, आणि त्या सरकारी खुर्चीत बसूनच केल्या होत्या. त्यामुळे हे उदाहरण तुमच्या बाजूनेही वापरता येईल.

वीजनिर्मिती खासगी असायला माझी हरकत नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासूनचं आहे, त्याने काही बिघडलं नाही. अडतो तो फक्त तारेपाशी. महावितरणचं बिल हाताशी असेल तर बघा, 'वीज आकार' (विजेचे पैसे) आणि 'वहन आकार' (तारेचे पैसे) अशा दोन ओळी वेगळ्या असतात. पहिल्या ओळीवर हवी तितकी स्पर्धा लावा. दुसऱ्या ओळीवर ती कशी लावायची, ते लिहा.

भिवंडीचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात जोडतो.