गिरगावच्या खोलीचा भाव म्हणजे देशाचं भांडवल नव्हे

सोसायटीच्या आणि शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. त्याचा गोषवारा असा: जीडीपी (देशाचं वर्षभराचं एकूण उत्पादन) हा नुसता आकड्यांचा खेळ. देशाची खरी ताकद भांडवलसाठ्यात, म्हणजे उत्पादनासाठी वर्षानुवर्षं उभारलेल्या मालमत्तेत, कारण तो ठोस आणि मोजलेला असतो. मुंबईतल्या जागा, शेअर बाजार आणि घराघरांतलं सोनं धरलं तर आपण केव्हाच श्रीमंत झालोय. साठा मोठा, तितका देश पुढे.

जागेपासून सुरू करू, मुंबईकराचा जीव तिथेच अडकलेला असतो. गिरगावातली एखादी पागडीची चाळ बघा. गॅलरीला लाकडी टेकू, जिन्याचे कठडे हलतायत, पावसाळा आला की इमारत धोकादायक असल्याची चर्चा. तरी तिथल्या दहा बाय बाराच्या खोलीचा भाव ऐकून डोळे पांढरे होतात. तो भाव भिंतींचा नाहीच. खालच्या जमिनीचा आणि पुनर्विकासात मिळणाऱ्या एफएसआयच्या (जमिनीवर किती बांधकाम करता येईल त्या प्रमाणाच्या) आशेचा आहे. स्थिर भांडवलसाठ्यात माणसाने निर्माण केलेल्या गोष्टी येतात: इमारती, रस्ते, पूल, यंत्रं, अगदी सॉफ्टवेअरसुद्धा. जमीन त्यात धरत नाहीत. राष्ट्रीय संपत्तीच्या ताळेबंदात ती येते, पण तो हिशेब वेगळा. रेडी रेकनरचा (सरकारने ठरवलेला जागेचा) दर चढला म्हणून शहरात एक वीटही वाढत नाही.

सोनं आणि शेअर यांचं लवकर आटपतं. सोनं आपल्या राष्ट्रीय लेख्यांत ‘मौल्यवान वस्तू’ म्हणून वेगळं दाखवतात. तिजोरीतल्या पाटल्यांनी काही उत्पादन होत नाही. शेअर म्हणजे कंपनीवरचा हक्क. कंपनीचा कारखाना एकदा मोजून झाल्यावर तिचे शेअरही मोजले, तर तोच कारखाना दोनदा मोजला जातो.

आता ‘ठोस आणि मोजलेला’. इथे मात्र हसू आवरत नाही. देशभर फिरून कोणी यंत्रं आणि पूल मोजत नाही. दरवर्षी किती स्थिर भांडवलनिर्मिती (इमारती, यंत्रं वगैरेंवरची नवी गुंतवणूक) झाली ते आकडे वर्षानुवर्षं साठवत जायचे, बाद झालेली मालमत्ता आणि घसारा (वापराने आणि वयाने झालेली झीज) वजा करायचा, किमती आजच्या पातळीवर आणायच्या. अर्थतज्ज्ञ रेमंड गोल्डस्मिथ यांनी 1951 मध्ये मांडलेली ही पद्धत बहुतेक देश वापरतात. आणि ती वार्षिक भांडवलनिर्मिती येते कुठून? जीडीपीच्याच खर्चाच्या बाजूतून, म्हणजे उत्पादन कशाकशावर खर्च झालं त्या हिशेबातून. म्हणजे ज्याला खेळ म्हणून झिडकारलं, त्याच्याच आकड्यांवर हा ‘ठोस’ साठा उभा आहे.

शिवाय त्यात मालमत्तेच्या आयुष्याचं गृहीतक घुसतं. समजा, 100 कोटींचा पूल आहे आणि घसारा दरवर्षी सारखा धरलाय. आयुष्य 50 वर्षं मानलं तर 25 वर्षांनी त्याची किंमत 50 कोटी उरते. 100 वर्षं मानलं तर 75 कोटी. पूल तोच, वरची वाहतूक तीच. प्रत्यक्षात पूल घसाऱ्याचा तक्ता बघून जगत नाहीत. मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल 1868 चा, तो पाडला 2022 मध्ये. त्याच्याहून कितीतरी तरुण असलेल्या अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग 2018 च्या जुलैत रुळांवर कोसळला आणि नोव्हेंबर 2022 मध्ये आख्खा पूलच वाहतुकीला बंद झाला. गिरण्यांच्या मागांचंही तसंच. 1982 च्या संपानंतर ज्या गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, तिथले माग आयुष्य संपण्याची वाट न बघता भंगारात गेले.

संदेशातला एक धागा मात्र खरा आहे. जीडीपीत घसारा वजा केलेला नसतो, त्यामुळे झिजणाऱ्या मालमत्तेचं दुखणं त्यात दिसत नाही. पण त्यासाठी निव्वळ देशांतर्गत उत्पादन हा आकडा आहेच, आणि तोही याच घसाऱ्याच्या अंदाजावर चालतो.

राहिलं ‘साठा मोठा, तितका देश पुढे’. सोव्हिएत संघाने दशकानुदशकं पोलाद आणि यंत्रांत पैसा ओतला, साठा फुगत गेला, वाढ मात्र मंदावत गेली. आपल्याकडचं उदाहरण तर ताजं आहे. 2020 च्या टाळेबंदीत कारखाने जागच्या जागी होते, लोकलचे डबे कारशेडमध्ये शाबूत होते. साठ्याचा आकडा या बंदमुळे घटला नाही. पण मिंट रोडवर मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या तिमाही पाहणीत त्या एप्रिल ते जूनमध्ये कारखान्यांचा क्षमतावापर (क्षमतेच्या मानाने प्रत्यक्ष उत्पादन) 47.3 टक्क्यांवर आला होता. ही पाहणी वेगळी करावी लागते, कारण यंत्र चालू आहे की धूळ खातंय हे भांडवलसाठ्याच्या आकड्यात कुठेच नोंदलेलं नसतं.