आधी वडापावचा दर, मग स्टॉलचं भाडं

२०२५च्या महिला विश्वचषकात साखळी सामन्यांची तिकिटं १०० रुपयांपासून होती. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबरला अंतिम सामना झाला. पावसामुळे तो तीनऐवजी पाचला सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. दुपारी दोनला आत गेलेलं कुटुंब दहा तास आतच. अशा दिवशी घरचा डबा गेटवर अडतो आणि पाण्याची बाटलीही अडते. तिकीट कितीही स्वस्त असो, दिवसाचा खर्च शेवटी खाण्यापिण्याच्या खिडकीवर ठरतो.

मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या दरांवरून २०१८ मध्ये महाराष्ट्रात आंदोलनं झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. मागणी होती, बाहेरचं खाणं आत नेऊ द्या. पुढे जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरच्या एका प्रकरणात निकाल दिला, की चित्रपटगृह बाहेरचं खाणं अडवू शकतं; मात्र पिण्याचं पाणी मोफत हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येणार नाही. स्टेडियमबद्दल आपण अजून तीच जुनी मागणी धरून बसलो आहोत. चाळीस हजार लोकांचे डबे उघडून तपासायचे म्हटलं तर पहिल्या चेंडूपर्यंत निम्मे लोक गेटबाहेरच राहतील. भांडायचं असेल तर आतल्या दरासाठी भांडायला हवं, आणि तो दर स्टॉलवर नाही, स्टॉलच्या करारात ठरतो.

इथे अमेरिकेत, अटलांटात ते स्वच्छ दिसतं. मर्सिडीज-बेंझ स्टेडियम ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झालं तेव्हा हॉट डॉग, पॉपकॉर्न, पाणी आणि हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा सोड्याचा ग्लास, प्रत्येकी २ डॉलर. फ्राइज, नाचो किंवा पिझ्झाचा तुकडा ३ डॉलर. बिअर ५ डॉलर. कर धरूनच हे आकडे, म्हणजे सुट्ट्या नाण्यांचा प्रश्न नाही. हे दर रुपयांत बदलून पाहू नयेत. इथल्या किमान वेतनात, तासाला सव्वासात डॉलरमध्ये, २ डॉलर म्हणजे सतरा मिनिटांची मजुरी. तुलना करायची ती याच्याशी. जॉर्जिया डोम या आधीच्या स्टेडियमच्या मानाने दर निम्म्यावर आले आणि पहिल्याच हंगामात फाल्कन्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या सामन्यांना माणशी खर्च १६ टक्के वाढला. पूर्वी बाहेर जेवून शेवटच्या क्षणी आत शिरणारे लोक लवकर येऊन आतच खाऊ लागले. पुढच्या वर्षी हॉट डॉग दीड डॉलरवर आणला.

हे जमलं कशामुळे? फाल्कन्सचे मालक आर्थर ब्लँक यांचीच कंपनी स्टेडियम चालवते. खाण्याचं काम तिने लेव्ही या कंपनीला दिलं, पण दर ठरवायचा हक्क स्वतःकडे ठेवला आणि लेव्हीला कामाची फी ठरवून दिली. विक्रेत्याला दर चढवून स्वतःचा फायदा वाढवायची वाटच उरली नाही.

आपल्याकडच्या नेहमीच्या लिलावात उलटं होतं. जो जास्त भाडं देईल त्याला स्टॉल. समजा एका सामन्याचं भाडं एक लाख आणि त्या रात्री हजार प्लेट खपणार. मग प्रत्येक वडापावात बटाट्याआधी शंभर रुपयांचं भाडं शिरलं. पाव, तेल, मजुरी त्यानंतर. स्टेशनबाहेर २० रुपयांना मिळणारा वडापाव आत १३० रुपयांना विकूनही त्या माणसाच्या हातात फार उरत नाही. त्याला लुटारू म्हणून काय उपयोग?

अटलांटाचा नमुना नेरूळला जसाच्या तसा बसणार नाही, हेही खरं. अटलांटात फुटबॉलचे दोन्ही प्रकार (अमेरिकन आणि आपला नेहमीचा) आणि मैफली धरून वर्षभर वर्दळ असते, त्यामुळे कामगार सरावलेले. बिअरचंही उत्पन्न आहे. आपल्या साध्या स्टँडमध्ये ती नाही. शिवाय आपल्याकडे मैदान एकाचं, सामना दुसऱ्याचा, स्टॉल तिसऱ्याचा. म्हणून बाजारभावाचा हट्ट धरू नये. स्टेशनबाहेरच्या दराची दीडपट ही मर्यादा मला रास्त वाटते. २०चा वडापाव ३०ला. निविदेत ही दरांची यादी आधी छापावी आणि त्या दरात कोण किती भाडं देतो यावर बोली लागावी. भाडं कमी येईल, यात शंका नाही. पण किती? वरच्या हिशोबाने चाळीस स्टॉलचे ४० लाख, चाळीस हजार प्रेक्षकांवर वाटले तर माणशी शंभर रुपये. भाडं अगदी शून्यावर आलं तरी तूट याहून मोठी नाही. ती तिकिटात धरा, जाहिरातदाराकडून घ्या, पण उघडपणे घ्या.

नुसता दर उतरवला आणि खिडक्या तेवढ्याच ठेवल्या तर मात्र रांगेने सगळं बुडेल. टी-ट्वेंटीत डावांमधली सुट्टी वीस मिनिटांची. एका गिऱ्हाइकाला चाळीस सेकंद लागले तर एका खिडकीवरून तीस माणसं सुटतात, बस. त्यात हजारोंचे फोन एकाच टॉवरवर आले की यूपीआय अडकतं. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेलेले, काउंटरवरचा स्पीकर गप्प, विक्रेता प्लेट सोडत नाही आणि मागे पन्नास माणसं. त्यासाठी विक्रेत्यांच्या यंत्रांना केबलचं इंटरनेट हवं, रोखीची खिडकी वेगळी हवी आणि सगळे दर दहाच्या पटीत हवेत. कूपन काढलं तर उरलेले पैसे बाहेर पडताना परत मिळायला हवेत. ते मिळत नसतील तर कूपन ही दरवाढच आहे.

पदार्थही मोजके, चार-पाचच ठेवावेत. साडेसातच्या सामन्यात गर्दी उसळते ती सव्वानऊच्या सुमारास, आणि वडे मात्र संध्याकाळी पाचला तळून झाकणाच्या डब्यात रचलेले असतात. वाफ आतच कोंडते, आवरण भिजून सुटतं. अर्धवट तळून जाळीच्या ताटात पसरून ठेवावेत आणि सुट्टीच्या दहा मिनिटं आधी दुसऱ्यांदा तळावेत. तयार गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या खाली उतरू द्यायचे नाहीत. नवी मुंबईच्या एप्रिल-मेमधल्या दमट हवेत ओल्या खोबऱ्याची चटणी लवकर आंबते. लसणाची सुकी चटणीच बरी.

पाण्याबाबत मात्र मी दीडपटही मान्य करणार नाही. सीलबंद बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेणं वैधमापनाच्या नियमांविरुद्ध आहे, आणि एकाच मालावर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला २०१८ पासून बंदी आहे. हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये यातून सूट दिली, कारण तिथे बसायची सोय आणि सेवा असते. उभ्या खिडकीला ती सूट का मिळावी? पण मैदानात बाटली फेकली जाईल म्हणून विक्रेता ती फोडून कागदी पेल्यात ओततो, आणि पेल्यावर एमआरपी छापलेली नसते. लिटरच्या बाटलीत २०० मिलिलिटरचे पाच पेले. पेला २० रुपयांना गेला तर लिटर शंभरला पडलं.

यावर नळच हवेत. एका नळावर मिनिटाला सहा माणसं, म्हणजे सुट्टीत १२०. चार हजारांच्या स्टँडमधले हजार जण उठले तर निदान नऊ नळ लागतात. माणशी एक लिटर धरलं तर चाळीस हजार प्रेक्षकांना चाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं असलेल्या नवी मुंबई महापालिकेला एवढं पाणी जड नाही. आयोजकाला परवानगी देताना नळांची संख्या आणि त्या दिवशीचा पाण्याचा तपासणी अहवाल मागता येईल.

ठाण्याचं काम तर त्याहून सोपं आहे. दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह महापालिकेचंच आहे, तेव्हा मैदान भाड्याने देण्याच्या अटी तिच्याच हातात. खाण्याच्या दरांची यादी, नळ आणि खिडक्यांची संख्या तिथे तीन ओळींत मावेल. तीच यादी प्रत्येक गेटवर मराठीत मोठ्या अक्षरांत लावावी आणि खाली राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लिहावा.