‘डॉकएक्स पण ओपनच आहे की’ या फॉरवर्डला उत्तर

शिक्षकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, मला तर तीन जणांनी पाठवला. म्हणणं असं की शिक्षणात ओपन फॉरमॅटचा (म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला वाचता-लिहिता यावा अशा फाइल-प्रकाराचा) आग्रह ही नुसती हौस आहे, डॉकएक्स म्हणजे वर्डची नेहमीची फाइल, तीही आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं स्टँडर्डच आहे, ओडीटी (लिब्रेऑफिससारख्या फुकट प्रोग्रॅमची फाइल) धड कुठे उघडत नाही आणि उघडली तर पानं विस्कटतात, विद्यार्थ्यांना ऑफिस फुकट मिळतं, आणि पुढे नोकरीत वर्डच लागणार. मी स्वतः रोज वर्ड वापरतो, त्यामुळे वर्डला शिव्या घालायला बसलेलो नाही, पण प्रोग्रॅम वेगळा आणि फाइल वेगळी एवढी साधी गोष्ट या मेसेजमध्ये पार गुंडाळून ठेवलीय.

आधी ‘आयएसओ स्टँडर्ड’चं बघू. खरंय, डॉकएक्सला २००८ मध्ये आयएसओ २९५०० म्हणून मान्यता मिळाली (ओडीटी ज्या घराण्यातली त्या ओडीएफला २००६ मध्येच मिळाली होती, ते मेसेजमध्ये नाहीये). पण या स्टँडर्डचे दोन अवतार आहेत, स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल. ट्रान्झिशनल ठेवला तो जुन्या फायलींचं ओझं वाहण्यासाठी, त्यात ‘ऑटोस्पेस लाइक वर्ड ९५’ अशा नावाची सेटिंगं आहेत, म्हणजे अक्षरांमधली जागा वर्ड ९५ सोडायचं तशी सोडा. आणि वर्ड आजही न सांगता सेव्ह करतं ते ट्रान्झिशनलमध्येच, स्ट्रिक्ट हवं तर सेव्ह अ‍ॅजच्या यादीत जाऊन शोधावं लागतं, शोधलंय का कुणी? एक्सेलच्या फायलीही याच स्टँडर्डमध्ये येतात, तर एक गंमत करून बघा, एक्सेलच्या सेलमध्ये ६० टाका आणि फॉरमॅट तारखेचा करा. २९ फेब्रुवारी १९०० येईल. १९०० हे लीप वर्ष नव्हतंच! लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ही चूक मुद्दाम ठेवली होती आणि आयएसओच्या आधी २००६ मध्ये एक्मा या संस्थेने काढलेल्या याच स्टँडर्डमध्येही ती रीतसर लिहिली गेली. लिब्रेऑफिसमध्ये हाच ६० टाकला तर २८ फेब्रुवारी येते. तर कागदावर ओपन आहे हे मान्य, पण एका प्रोग्रॅमच्या जुन्या सवयी त्यात भरून ठेवल्यात, दुसऱ्या कुणाला तो वाचणारा प्रोग्रॅम लिहायचा तर त्या सवयींसकट लिहावा लागतो.

ओडीटी उघडत नाही म्हणे. वर्ड २००७ च्या २००९ मधल्या सर्व्हिस पॅकपासून वर्ड स्वतः ओडीटी उघडतं आणि सेव्हही करतं, गूगल डॉक्सही करतं. पुढे.

पानं विस्कटतात, हा मुद्दा मात्र खरा आहे आणि लोक वैतागतात ते उगाच नाही. पण विस्कटण्याचं कारण बहुतेक वेळा फॉन्ट असतो. फाइल कॅलिब्रीमध्ये केलेली, समोरच्याकडे कॅलिब्री नाही, मग त्याच्या जागी दुसरा फॉन्ट येतो, त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि दहा पानांची अकरा होतात. हेच डॉकएक्सचंही होतं. कार्लिटो नावाचा फुकट फॉन्ट अगदी कॅलिब्रीच्याच मापाचा आहे, तो टाकला की निम्मी डोकेदुखी जाते. उरलेली निम्मी आपण स्वतः करतो. माझ्याकडे एकदा एक प्रश्नपत्रिका आली, डॉकएक्सच होती आणि वर्डमध्येच उघडली, तरी चारही पर्याय इकडेतिकडे पळालेले. वर्डमधल्या लपलेल्या खुणा चालू करून बघितलं तर प्रत्येक पर्यायाआधी स्पेसबारचे ठिपकेच ठिपके, एका ओळीत मी सतरा मोजले आणि मग नाद सोडला. याला कुठला फॉरमॅट काय करणार. हां, स्मार्टआर्ट (तयार आकृत्या), मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा), किचकट ट्रॅक चेंजेस (दुरुस्त्यांच्या नोंदी) हे इकडून तिकडे नेताना खरंच मोडतं, तिथे मी वाद घालणार नाही.

फुकट मिळतं याबद्दल एवढंच, की ते संस्थेच्या खात्यावर मिळतं. खातं बंद झालं आणि सबस्क्रिप्शन संपलं की ते ऑफिस फायली नुसत्या दाखवतं, एडिट करू देत नाही. प्रबंध अर्धा असताना हे झालं तर काय करायचं ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आणि नोकरीचं. २००६ मध्ये ज्यांनी वर्डचे मेनू घोकले त्यांचे मेनू २००७ मध्ये रिबन (वरची बटणांची पट्टी) आल्यावर गायबच झाले. स्टाइल लावून हेडिंग करणं, अनुक्रमणिका आपोआप काढणं, टॅब वापरणं हे ज्यांना येत होतं त्यांचं काही अडलं नाही, आणि हे सगळं कुठल्याही प्रोग्रॅमवर शिकता येतं.

बरं, ‘सगळ्यांनी ओडीटीच वापरा’ असंही मी म्हणत नाहीये. ब्रिटनच्या सरकारने २०१४ मध्ये स्वतःच्या कामासाठी सरळ वाटणी केली, नुसतं वाचायचं ते एचटीएमएल (वेबपान) किंवा पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) मध्ये आणि एकमेकांत एडिट करायचं ते ओडीएफमध्ये. शाळा-कॉलेजांना एवढं पुरे आहे. असाइनमेंटच्या सूचनेत ‘फक्त डॉकएक्स’ लिहिलेलं असतं त्यातलं ‘फक्त’ काढलं तरी बरंच झालं.

ती प्रश्नपत्रिका मी टेबलात बसवून पीडीएफ करून परत पाठवली, तर रिप्लाय आला, ‘सर, यात बदल करता येत नाहीये.’ ते बरोबरच होतं म्हणा, मग मागाहून ओडीटी पाठवली. ती त्यांच्या वर्डमध्ये उघडली.