‘मुलीपेक्षा सासूबाईच ऐकत बसल्या’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

भोंडला, अंगाई आणि भारुडांच्या आमच्या गाण्यांच्या संचाला तुम्ही दोन तारे दिलेत आणि त्याची कारणंही सविस्तर लिहिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साडेचार वर्षांच्या मुलीसाठी संच घेतला, पण त्यात कीबोर्ड नाही, ठेका जाणवत नाही, गाणाऱ्या बाईंचा आवाज घोगरा आहे, सासू-सुनेचं गाणं एवढ्याशा मुलीला कशाला, आणि घरात तिच्यापेक्षा सासूबाईच ऐकत बसल्या, मग वर ‘मुलांसाठी’ असं छापता कशाला?

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते. सासूबाई ऐकत बसल्या हे वाचून मला फार आनंद झाला. भोंडल्याची गाणी मुलांसाठी म्हणून वेगळी कुणी रचलेली नाहीत. पाटावर हत्ती काढून फेर धरला की त्यात परकरातल्या पोरी असायच्या, माहेरपणाला आलेल्या लेकी असायच्या, आणि कडेला बसलेल्या आजीला कुणाचं कडवं चुकलं तर ते लगेच कळायचं. गाणं सगळ्यांचं मिळून असायचं.

तुम्हाला खटकलेलं कारल्याच्या वेलाचं गाणंच घ्या. सून माहेरी जाऊ का विचारते. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर. बी पेरून झालं, आता जाऊ? कोंब येऊ दे. मग वेल, मग फूल, मग कारलं, मग त्याची भाजी. लहान मुलाला यात बियाण्यापासून ताटापर्यंतचा सगळा क्रम सापडतो. दोन-तीन वेळा ऐकलं की पुढे काय येणार ते त्याला आधीच ठाऊक असतं, आणि ते ओरडून सांगण्यातच त्याला खरी मजा येते. गाणं लांब वाटतं ते याच पुनरुक्तीमुळे, म्हणून आम्ही ते कापलं नाही. मोठ्या बाईला त्याच ओळींत दुसरं काही ऐकू येतं: एवढं काम उरकलं की सोडतील, या आशेवर पुन्हा पुन्हा थांबवली गेलेली सून. सासू-सून काढून तिथे ससा आणि कासव घातले तर चाल तीच राहील, पण ही ओढ निघून जाईल, आणि मग मोठी माणसं खोलीतून उठून जातील. मूल एकटंच स्क्रीनसमोर उरेल. ते मला नको आहे.

आम्ही निवड करत नाही असं मात्र नाही. या गाण्याच्या काही पाठांत, म्हणजे गायल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या रूपांत, शेवटी सुनेच्या पाठीत काठी बसते. आम्ही घेतलेल्या पाठात तिची वेणीफणी करून तिला माहेरी धाडतात. चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर हाच शेवट असावा, असं मला ठामपणे वाटतं.

आता ठेक्याबद्दल. भोंडल्याला टाळ्या आणि पावलं पुरतात, म्हणून तिथे वाद्य नाही. भारुडांत मात्र संबळ हे जोडीचं तालवाद्य आहे. त्यातल्या एका भांड्याचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा चढा, आणि मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर नेमका खर्जच हरवतो. गाडीत किंवा घरातल्या मोठ्या स्पीकरवर एकदा लावून पाहा, विशेषतः नाथांचं विंचवाचं भारूड. विंचू चावल्याची बोंब ऐकून मुलं खिदळतात, नाचतात. तो विंचू कामक्रोधाचा आहे हे त्यांना पुढे कधीतरी उमगेल, घरातल्या मोठ्यांना आत्ताच कळतं. सोळाव्या शतकात एकनाथांनी हे लिहिलं तेही सगळ्या वयाच्या माणसांसमोर नाचून-गाऊन सादर होण्यासाठीच.

आवाजाबद्दल थोडं आग्रहानं लिहिते. भोंडला गाणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या आहेत, दिवसभर शेतात असतात. गाणी त्यांच्याच अंगणात, फेर धरूनच रेकॉर्ड केली आहेत. नीट ऐकलंत तर कडव्याच्या शेवटी त्यांना लागलेला दम ऐकू येतो, आणि त्या श्वास घेतात तेवढ्यात मागच्या मुली ओळ उचलतात. स्टुडिओत गोड गळ्याच्या गायिकेकडून हे गाऊन घेणं सोपं होतं, कदाचित स्वस्तही पडलं असतं. पण मुलींनी ओळ उचलायची जागा त्यात राहिली नसती. तुमच्या मुलीनं नुसतं ऐकावं यापेक्षा ती ओळ उचलावी, यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

अंगाई मुद्दामच हळू आवाजात ठेवल्या आहेत.

एक विनंती. सासूबाईंना यातली काही कडवी वेगळी आठवत असतील तर आम्हाला जरूर कळवा. ही गाणी गावागणिक बदलतात; त्यांच्या माहेरचा पाठ आमच्याकडे नसण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो मिळाला तर फार आवडेल.

एवढं करूनही संच नकोच असेल, तर बिलावरच्या नंबरवर फोन करा. पाकीट उघडलेलं असलं तरी पूर्ण पैसे परत मिळतील. कुरिअरचा खर्च आमचा. सोबतची गाण्यांची पुस्तिका मात्र मुलीकडेच राहू द्या.