समुद्रतळाचा गाळ अंदाजपंचे बोलत नाही

गेले काही दिवस एक मेसेज फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला, त्यातला एक आमच्या घरचाच. म्हणणं थोडक्यात असं: थर्मामीटर निघून जेमतेम ३००-४०० वर्षं झाली, तेव्हा २० हजार वर्षांपूर्वीचं तापमान सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. समुद्रातला चिखल सगळ्या नद्यांचा मिसळलेला, त्यातून काय कळणार? कार्बन डेटिंग ५० हजार वर्षांपलीकडे चालत नाही, म्हणून लाखो वर्षांचे आकडे खोटे. आणि हवामान पूर्वीही बदललंच होतं, निसर्ग सावरतो, मग आता ओरड कशाला?

मी याच चिखलात काही वर्षं हात घातले आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी थर्मामीटर. समुद्रतळात लांब नळी घुसवून गाळाचा उभा गाभा काढतात आणि त्याचे सेंटीमीटरभर जाडीचे काप करतात. एक काप ६३ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढ्या बारीक छिद्रांच्या, चाळणीवर पाण्याखाली धरला की राखाडी चिकटा वाहून जातो आणि चाळणीत रव्यासारखे पांढरे कण उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की त्यातले पुष्कळसे कण म्हणजे फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची कवचं असतात, एकाला एक चिकटलेल्या बुडबुड्यांसारखी. ओल्या ब्रशच्या टोकाने ती एकेक उचलायची. या चुनखडीच्या कवचातला ऑक्सिजन त्या वेळच्या समुद्रातून आलेला असतो. ऑक्सिजनच्या साधारण ५०० अणूंमागे एक जड, ऑक्सिजन-१८ चा. पाणी जितकं थंड, तितका हा जड ऑक्सिजन कवचात किंचित जास्त बसतो: एका अंशाला हजारात सुमारे ०.२ इतका. फरक छोटा आहे, पण अणू वजनानुसार वेगळे करणारं मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र याहून बारीक फरक मोजतं. यामागचं गणित रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये मांडलं.

एक अडचण मात्र खरी आहे. हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकून पडतो, त्यामुळे समुद्राचं पाणीच जड होतं. गाभ्यातल्या कवचांत जड ऑक्सिजन थरागणिक कमीजास्त होतो; भूशास्त्रज्ञ सेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये हे चढउतार मुख्यतः तापमानाचे मानले. निक शॅकलटन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं की त्यातला मोठा भाग बर्फाचा आहे. म्हणून आज त्याच कवचांतलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांचं प्रमाणही मोजतात. ते मुख्यतः तापमानाप्रमाणे बदलतं, म्हणून बर्फाचा हिशेब वेगळा काढता येतो. अंदाजाने काम करणाऱ्याला दुसरी मोजणी कशाला लागेल?

आता मिसळलेला चिखल. हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे, कारण त्याचं उत्तर गोदावरीत आहे. नाशिक, पैठण, नांदेडपर्यंत ती दख्खनच्या काळ्या बेसाल्टवरून वाहते, पुढे पूर्व घाटातल्या फार जुन्या खडकांतून जाते. बेसाल्टात निओडिमियम-१४३ चं, म्हणजे निओडिमियम या धातूच्या एका प्रकारच्या अणूंचं, प्रमाण त्या जुन्या खडकांपेक्षा जास्त असतं. खडक झिजून माती झाली, नदीत वाहिली, बंगालच्या उपसागरात बसली, तरी ही खूण पुसत नाही. म्हणून गोदावरीच्या मुखासमोरच्या गाभ्यात कुठल्या थरात दख्खनचा वाटा किती, ते काढता येतं. गेल्या तीन-चार हजार वर्षांत तो वाढलेला दिसतो.

त्याच गाभ्यात पानांवरचं मेण सापडतं. अळवाच्या पानावरून थेंब घरंगळतो तो असल्याच मेणामुळे. ज्वारी आणि आपल्याकडची बरीचशी गवतं कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा जरा जड अणू, जास्त घेतात, झाडं आणि भात कमी. मेणातला कार्बन सांगतो की सुमारे ४,००० ते १,७०० वर्षांपूर्वीच्या काळात गोदावरीचं खोरं कोरडं होत गेलं. पाऊस घटला, झाडोरा विरळ झाला, शेतीसाठी जमीन उघडी पडली आणि काळी माती वाहून गेली. प्रवरेकाठचं दायमाबाद हे प्राचीन गाव ओस पडलं तेही याच काळात. कारण एवढंच होतं असं मी म्हणणार नाही, पण गाळातलं हे चित्र उत्खननात सापडलेल्या गोष्टींशेजारी ठेवून बघण्यासारखं नक्कीच आहे.

तळावरचे किडे वरचे काही सेंटीमीटर उकरून मिसळतात, हे खरं. खोल समुद्रात हजार वर्षांत काही सेंटीमीटरच गाळ साचतो, म्हणून तिथे एका वर्षाचा मान्सून वेगळा काढता येत नाही. हजारो वर्षांची हिमयुगं मात्र स्वच्छ दिसतात.

कार्बन डेटिंगचं उत्तर छोटं आहे: लाखो वर्षांसाठी ते कुणी वापरतच नाही. तिथे वय ठाऊक असलेल्या खुणा कामी येतात, जसं पृथ्वीचं चुंबकत्व उलटल्याच्या, म्हणजे उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल झाल्याच्या, खुणा. शेवटची उलथापालथ सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीची. सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची राख तर बंगालच्या उपसागरातही सापडते आणि अरबी समुद्रातही.

राहिला शेवटचा मुद्दा. हवामान पूर्वी बदललं होतं, हे आपल्याला याच गाळामुळे माहीत आहे. गाळ खोटा म्हणायचा आणि त्याचीच साक्ष काढायची, हे जमणार नाही. निसर्ग सावरतो हेही खरं: हवेतला कार्बन डायऑक्साइड पावसात विरघळतो, ते पाणी खडक झिजवतं आणि कार्बन शेवटी समुद्रतळाशी चुनखडी होऊन बसतो. बेसाल्ट यात विशेष भराभर झिजतो, आपला सह्याद्रीसुद्धा. प्रश्न वेळेचा आहे. ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत आणि समुद्रात अफाट कार्बन आला आणि पृथ्वी ५-६ अंशांनी तापली. दक्षिण अटलांटिकच्या गाभ्यांत त्या काळच्या थरात फिकट चुनखडीत अचानक गडद मातीचा पट्टा येतो, कारण आम्ल झालेल्या पाण्यात चुना विरघळून गेला. त्याच ठिकाणी कार्बन-१३ एकदम घसरतो. कोळसा आणि पेट्रोल जाळल्यामुळे आज हवेत आणि प्रवाळांतही कार्बन-१३ तसाच घसरतो आहे. त्या पट्ट्यावर पुन्हा फिकट चुनखडी साचली, कार्बन-१३ वर आला, पृथ्वी निवली. त्याला १ लाखाहून जास्त वर्षं लागली.